पुण्यात एडीएचडीचं निदान आणि औषधं: कुठून सुरुवात करायची, कशात अडकायचं नाही

माझ्या भाच्याचं एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि चंचल-उतावळेपणा या अवस्थेचं, निदान तो दहावीत असताना झालं आणि मुलीचं ती १९ वर्षांची असताना, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. दोघांच्या वेळी फाईल घेऊन फिरायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हापासून ओळखीपाळखीतून फोन येतात: "दादा, कुणाकडे जाऊ? ते ब्रेन मॅपिंग करून घेऊ का? गोळीची सवय लागते म्हणतात, खरं का?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून काढतो.

मी डॉक्टर नाही. कुठलं औषध आणि किती डोस, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं, जाताना काय न्यायचं आणि चिठ्ठी हातात पडल्यावर पुढे काय होतं, एवढंच इथे आहे. साधारण १५ ते २५ वयाच्या मुलामुलींना आणि त्यांच्या घरच्यांना समोर ठेवून लिहिलंय.

आधी थोडी पार्श्वभूमी

एडीएचडी ही मेंदूच्या जडणघडणीशी संबंधित अवस्था आहे आणि ती लहानपणीच सुरू होते. मोबाइल आल्यावर निघालेलं हे खूळ आहे, असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना सांगा, १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन केलं होतं. ही अवस्था घराण्यात चालत येते, त्यामुळे मुलाची लक्षणं ऐकता ऐकता बाबा गप्प झाले तर आश्चर्य नको.

काहींच्यात चंचलपणा ठळक असतो, काहींच्यात लक्ष न लागणं, काहींच्यात दोन्ही. वयात येताना धावपळ, उड्या कमी होतात. विसरभोळेपणा, दिरंगाई आणि सुरू केलेलं अर्धवट सोडणं मागे उरतं. मुली इथेच निसटतात. माझी मुलगी वर्गात कुणाला त्रास देत नव्हती, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. ती शांतपणे खिडकीबाहेर बघायची आणि शाळेच्या दृष्टीने ती 'गुणी मुलगी' होती.

निदानासाठी डॉक्टर जे निकष वापरतात, त्यांचा सांगाडा माहीत असू द्या. लक्ष न लागण्याची नऊ आणि चंचल-उतावळेपणाची नऊ अशा दोन याद्या असतात. १६ वर्षांपर्यंत एका यादीतली किमान सहा लक्षणं लागतात, १७ पासून पुढे पाच पुरतात. ती निदान सहा महिने टिकलेली हवीत, घर-शाळा-मित्र-काम यांपैकी दोन तरी ठिकाणी दिसलेली हवीत, त्यांच्यामुळे खरोखर अडलेलं असावं, आणि त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावीत. हा शेवटचा निकष नीट लक्षात ठेवा, कारण सगळी तयारी त्याच्याभोवती करायची आहे. बारावीच्या वर्षात अचानक लक्ष उडालं असेल, तर डॉक्टर आधी दुसरी कारणं शोधतील, आणि ते बरोबरच आहे.

१. माळ्यावरची पिशवी खाली काढा

डॉक्टरांची वेळ घेण्याआधी हे काम उरका. निदान रक्ततपासणीतून होत नाही, स्कॅनमधून होत नाही. ते मुलाखतीतून आणि जुन्या नोंदींतून होतं. २० वर्षांच्या मुलाला "तू तिसरीत कसा होतास?" असं विचारलं तर तो खांदे उडवतो. पण तिसरीचं प्रगतिपुस्तक बोलतं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त उपयोग झाला तो शेऱ्यांचा. मुलीच्या पुस्तकांत दुसरीपासून सातवीपर्यंत वेगवेगळ्या बाईंनी जवळपास एकच वाक्य लिहिलं होतं: "हुशार आहे, पण लक्ष देत नाही." एका बाईंनी तर "उत्तर माहीत असून प्रश्न अर्धवट वाचते" असं लिहिलं होतं. डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं आणि त्याचा फोटो काढून घेतला. गुणांकडे त्यांनी फारसं पाहिलंही नाही.

फाईलमध्ये हे ठेवा:

– पहिली ते सातवीची प्रगतिपुस्तकं, मिळतील तेवढी. शाळेच्या डायरीतल्या तक्रारीही.
– एखाद-दोन जुन्या वह्या. अर्धी पानं कोरी, शेवटची पानं चित्रांनी भरलेली, असं काही असेल तर मुद्दाम.
– दहावी, बारावी, सेमिस्टरच्या गुणपत्रिका. केटी लागल्या असतील तर त्याही, लपवू नका.
– जुने वैद्यकीय कागद: फिट आली होती का, डोक्याला मार, दम्याची किंवा इतर कुठली औषधं.
– घरच्यांचा इतिहास. विशेषतः कुणाला कमी वयात हृदयविकार झाला होता का, कुणी अचानक गेलं का. औषधाच्या वेळी हे विचारतातच.
– आधार कार्डाची प्रत. मेडिकलवालाही मागतो.
– एका पानावर प्रसंग. "आळशी आहे", "बेफिकीर आहे" हे मत झालं. "फॉर्म भरायची शेवटची तारीख तीनदा चुकली", "गाडीची चावी गाडीलाच राहते", "गॅसवर दूध ठेवून विसरते" हे प्रसंग. डॉक्टरांना प्रसंग लागतात.

हे पान शक्यतो दोघांनी वेगवेगळं लिहावं, मुलाने आपलं आणि आईने किंवा बाबांनी आपलं. एकमेकांना दाखवू नका. दोन पानांतला फरकही डॉक्टरांना काही सांगतो.

पुस्तकं हरवली असतील तर घाबरू नका. आत्या, आजी, शेजारच्या काकू, प्राथमिकच्या बाई, यांच्यापैकी कुणाशी तरी डॉक्टर फोनवर बोलू शकतात. हॉस्टेलवर राहणाऱ्यांनी सुट्टीत गावी जाल तेव्हा हे काम करून या; लातूरहून किंवा साताऱ्याहून आईला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायला सांगितलं तरी चालतं.

२. कुणाकडे जायचं

इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, म्हणून जरा सविस्तर.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. ते निदान करतात आणि औषध लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात, थेरपी देतात, पण औषध लिहू शकत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काहीच गैर नाही. 'समुपदेशक' ही पाटी मात्र आपल्याकडे कुणीही लावू शकतो. त्यांत उत्तम माणसं आहेत, सहा आठवड्यांचा कोर्स केलेलेही आहेत. मूल १८ च्या आतलं असेल तर मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञ मिळाले तर उत्तम.

माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात मानसोपचारतज्ज्ञांपासून करा. चाचण्या लागल्या तर ते सांगतील कुठल्या. उलट क्रमाने गेलात तर आधी हजारो रुपयांच्या चाचण्या होतात आणि मग डॉक्टर म्हणतात, यातली एकच पुरली असती.

पुण्यात पर्याय बरेच आहेत. सरकारीत ससूनचा मानसोपचार विभाग आहे आणि त्याच आवारात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. खर्च अगदी कमी, पण केसपेपरच्या रांगेसाठी सकाळी लवकर जा आणि अर्धा दिवस मोकळा ठेवा. दर वेळी तेच डॉक्टर भेटतील असं नाही, म्हणून तुमची फाईल नीट असणं तिथे जास्त महत्त्वाचं. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग चालतो. नाव ऐकून लोक दचकतात, पण तपासून घेऊन घरी येणाऱ्यांची तिथे रोजची ये-जा असते. पिंपरी-चिंचवडकरांना महापालिकेचं वायसीएम रुग्णालय जवळ पडतं. ट्रस्टच्या आणि खासगी रुग्णालयांत रास्ता पेठेतलं केईएम (तिथे मुलांच्या विकासासाठी स्वतंत्र केंद्र आहे), एरंडवण्यातलं दीनानाथ मंगेशकर, धनकवडीचं भारती, अशी नावं आहेत. शिवाय कोथरूडपासून वाकडपर्यंत खासगी दवाखाने.

खासगी डॉक्टरांची वेळ घेताना रिसेप्शनवर तीन प्रश्न विचारा. डॉक्टर मोठ्या मुलांच्या आणि तरुणांच्या एडीएचडीच्या केसेस बघतात का? पहिली भेट किती वेळाची असते? मिथाइलफेनिडेट (एडीएचडीचं एक मुख्य औषध, सहाव्या भागात येईल) लिहून देतात का? तिसऱ्या प्रश्नावर रिसेप्शनिस्ट गडबडली तर डॉक्टरांना विचारून कळवायला सांगा. काही डॉक्टर हे औषध लिहायचं टाळतात. त्यांची कारणं असतील, पण ते आधी कळलेलं बरं. आणि पहिली भेट दहा मिनिटांची असेल तर दुसरीकडे बघा.

३. पहिली भेट

चांगल्या डॉक्टरांची पहिली मुलाखत पाऊण तास ते दीड तास चालते, काही वेळा दोन भेटींत. प्रश्न साधे असतात. डबा परत यायचा का? वर्षाला किती छत्र्या हरवायच्या? रांगेत उभं राहता येतं का? सिनेमा मध्येच थांबवून उठतोस का? आवडीच्या गोष्टीत चार-चार तास बुडून जातोस का? शेवटच्या प्रश्नाला "हो" म्हणाल्याने निदान रद्द होत नाही. "गेम खेळताना बरं लक्ष लागतं!" हे वाक्य आईबाबांनी घरीच ठेवून यावं, डॉक्टरांनी ते पुष्कळदा ऐकलेलं असतं.

डॉक्टर मुलाशी एकट्याने बोलायला मागतील. बाहेर जा. दाराशी उभे राहू नका.

मुलांसाठी: सिगरेट, दारू, गांजा, रात्री जागण्यासाठी घेतलेली मित्राची गोळी, जे असेल ते खरं सांगा. औषध निवडताना त्याने फरक पडतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. तुम्ही १८ पूर्ण असाल तर डॉक्टर तुमच्या संमतीशिवाय घरी सगळं सांगत बसणार नाहीत. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. १८ च्या आत असाल तर निर्णयात पालक असणारच, पण "हे त्यांना सांगू नका" असं म्हणायला हरकत नाही.

झोप किती, कशी, हे डॉक्टर खोदून विचारतील. रात्री दोनला झोपून सकाळी सहाचा क्लास गाठणाऱ्या कुणाचंही लक्ष उडेल. थायरॉईड, रक्त कमी असणं, चिंता, नैराश्य, घोरण्यामुळे तुटणारी झोप, वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता, यांतलं प्रत्येक कारण एडीएचडीसारखं दिसू शकतं किंवा त्याच्या सोबत असू शकतं. माझ्या मुलीला निदानाच्या वेळी चिंतेचा त्रासही होता आणि त्यावर आधी उपचार झाले. आम्हाला घाई होती, डॉक्टरांना नव्हती.

४. कोणत्या तपासण्या करायच्या, कोणत्या सोडायच्या

उपयोगाच्या: प्रश्नावल्या. मोठ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची १८ प्रश्नांची एएसआरएस, शाळकरी मुलांसाठी कॉनर्स किंवा व्हँडरबिल्ट. त्या चाळणीसाठी असतात. नेटवर एएसआरएस भरून गुण जास्त आले म्हणजे निदान झालं नाही, डॉक्टरांकडे जायला सबळ कारण मिळालं. रक्ताच्या साध्या तपासण्या डॉक्टर सांगतील. शिकण्यातली अडचण वाटत असेल तर बुद्ध्यांक आणि अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या. करिअर किंवा अभ्यासाच्या मार्गदर्शनासाठी ज्ञान प्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागात पुणेकर वर्षानुवर्षं जातात. ते काम चांगलंच आहे, पण एडीएचडीचं औषधोपचाराचं निदान हा वेगळा विषय आहे.

टाळायच्या: बोटांचे ठसे घेऊन मेंदू सांगणारी डीएमआयटी. तिला शास्त्रीय आधार नाही. शाळांच्या पालकसभांत हिचे स्टॉल लागतात, रंगीत चाळीस पानी अहवाल मिळतो आणि त्यात तुमचं मूल 'गरुड' किंवा 'मोर' निघतं. पैसे वाचवा. 'ब्रेन मॅपिंग'चं पॅकेजही तसंच: ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद, हे फिटसाठी उत्तम साधन आहे, डॉक्टरांना फिटची शंका असेल तर जरूर करा, पण फक्त त्याच्या रंगीत नकाशावरून एडीएचडी ठरत नाही. एमआरआयवरूनही नाही. आणि 'चाळीस सेशनमध्ये गोळ्यांशिवाय बरं' असं आगाऊ पैसे घेऊन सांगणाऱ्या कुणालाही चेक देऊ नका.

ब्राह्मी, शंखपुष्पी, सुवर्णप्राशन घरात चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. उपचार म्हणून मी त्यावर विसंबणार नाही.

५. निदान कागदावर घ्या

"हो, एडीएचडी आहे" असं तोंडी ऐकून उठू नका. लेटरहेडवर, इंग्रजीत, सही-शिक्का-नोंदणी क्रमांकासह अहवाल मागा: निदान, कोणता प्रकार, कशाच्या आधारे, सोबत आणखी काय, सुचवलेले उपचार. पुढे कॉलेजला, दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांना, परदेशी शिकायला गेलात तर तिथे, सगळीकडे हाच कागद लागतो. आपल्या नोंदी मागण्याचा हक्क कायद्याने आहे. स्कॅन करून ठेवा. ज्याचं निदान विसरभोळेपणाचं आहे त्याच्या एकट्याच्या भरवशावर मूळ प्रत ठेवू नका.

६. औषध: दोन मुख्य वाटा

पहिली वाट मिथाइलफेनिडेट. हे उत्तेजक गटातलं औषध १९४४ साली पहिल्यांदा तयार झालं, म्हणजे नवीन प्रयोग वगैरे काही नाही. आपल्याकडे इन्स्पिरल, ॲडवाइझ अशा नावांनी मिळतं. साधी गोळी तीन-चार तास टिकते, सावकाश सुटणारी आठ तास किंवा जास्त. परिणाम पहिल्याच दिवशी, तासाभरात जाणवू शकतो. योग्य डोस सापडायला मात्र काही आठवडे जातात, कारण कमीपासून सुरू करून हळूहळू वाढवतात.

दुसरी ॲटोमॉक्सेटिन. हे उत्तेजक नाही. ॲक्सेप्टा, अटेंट्रोल ही त्याची नावं. रोज घ्यावं लागतं, आणि परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. पहिल्या पंधरवड्यात "काहीच होत नाही" म्हणून सोडून देणारे खूप. चिंतेचा त्रास असेल, व्यसनाचा इतिहास असेल किंवा उत्तेजक सोसत नसेल तर डॉक्टर बहुधा इकडे वळतात. नैराश्याची काही औषधं, उदाहरणार्थ फ्लुऑक्सेटिन किंवा पॅरॉक्सेटिन, चालू असतील तर रक्तातलं ॲटोमॉक्सेटिनचं प्रमाण वाढतं. म्हणून चालू औषधांची यादी पूर्ण द्या.

क्लोनिडिनसारखे आणखी पर्याय आहेत, ते डॉक्टर गरजेप्रमाणे बघतील. अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये ऐकू येणारं ॲडरॉल भारतात विकलं जात नाही. मामेभावाकडून मागवू नका; ॲम्फेटामिन विनापरवाना आणणं हा अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे.

सुरू करण्याआधी वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब मोजून लिहून ठेवलेला असावा. हृदयाचा इतिहास असेल तर ईसीजी. हे न करता कुणी चिठ्ठी दिली तर स्वतःहून विचारा. गर्भधारणेचा विचार असेल तर तोही आधीच सांगा.

"सवय लागेल का?" डॉक्टरांनी दिलेल्या डोसमध्ये, तोंडाने घेतल्यास व्यसनाचा धोका कमी असतो. धोका आहे तो चिठ्ठीशिवाय, जास्त डोसमध्ये, चुरून ओढण्यात.

७. मेडिकलमध्ये

हा भाग कुणी सांगत नाही, आणि पहिल्या महिन्यात सगळे इथेच अडतात.

मिथाइलफेनिडेट औषध नियमांच्या 'शेड्यूल एक्स'मध्ये येतं आणि अमली व मनोविकारी पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखालीही येतं. स्ट्रिपवर लाल अक्षरांत 'एक्सआरएक्स' छापलेलं असतं. ते विकायला दुकानाला वेगळा परवाना लागतो आणि माल कुलुपात ठेवावा लागतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने "नाही मिळत" म्हटलं तर तो खोटं बोलत नाहीये, त्याच्याकडे बहुधा परवाना नाही. मोठ्या रुग्णालयांच्या आतल्या फार्मसीत मिळण्याची शक्यता जास्त. सदाशिव पेठेतल्या घाऊक दुकानांत चकरा मारू नका. सगळ्यात सोपा उपाय: दवाखान्यातून निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा, "तुमचे पेशंट कुठून घेतात?"

चिठ्ठी दोन प्रतींत हवी. एक दुकानदार ठेवून घेतो, ती त्याला दोन वर्षं जपावी लागते. चिठ्ठीवर तारीख, सही, तुमचं पूर्ण नाव, पत्ता, डोस आणि एकूण गोळ्या असं सगळं हवं. पत्ता राहिला म्हणून परत जावं लागलेले लोक मला माहीत आहेत. डॉक्टरांनी 'पुन्हा द्यावे' असं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध मिळतं. मेडिकलवाला रजिस्टरमध्ये नाव लिहितो, ओळखपत्र बघतो, चार प्रश्न विचारतो. ओशाळायचं काही नाही, त्याला ते करावंच लागतं.

व्हिडिओ कॉलवर हे औषध लिहून मिळत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी शेड्यूल एक्समधली औषधं दूरसल्ल्याने द्यायला मनाई केली आहे. त्यामुळे गावी गेलेल्यांनी परत यायच्या तारखा त्या हिशेबाने ठरवा. ऑनलाइन ॲपवरून मागवायचा प्रयत्न करू नका, आणि टेलिग्रामवर 'विदाउट प्रिस्क्रिप्शन' विकणाऱ्यांच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नका. गोळीत काय आहे ते कळत नाही आणि पोलीस केसही होऊ शकते.

अधूनमधून तुटवडा पडतो. स्ट्रिपमध्ये आठवड्याभराच्या गोळ्या उरल्या की हालचाल सुरू करा, शेवटच्या गोळीपर्यंत थांबू नका. कॅलेंडरवर खूण आईने किंवा रूममेटने करावी.

ॲटोमॉक्सेटिन शेड्यूल एक्समध्ये नाही. साध्या चिठ्ठीवर बहुतेक ठिकाणी मिळतं.

नवी पेठेत, शास्त्री रोडला, अभ्यासिकांमध्ये परीक्षेच्या आधी कुणीतरी विचारतंच: "एक गोळी दे ना यार, रात्र काढायची आहे." देऊ नका. ज्याला एडीएचडी नाही किंवा ज्याच्या हृदयाची तपासणी झाली नाही त्याला त्रास होऊ शकतो, आणि कायद्याच्या नजरेत मित्राला दिलेली गोळीही अमली पदार्थ पुरवणंच ठरते. स्ट्रिप बॅगेत उघडी टाकू नका.

८. पहिले दोन महिने

एक वही करा. रोज चार गोष्टी: गोळी किती वाजता, जेवण कसं, झोप किती, आणि आज एक काम पूर्ण झालं का. "बरं वाटतंय" यापेक्षा ही वही डॉक्टरांना जास्त सांगते.

मिथाइलफेनिडेटने भूक मरते. त्यामुळे गोळीआधी पोटभर नाश्ता, आणि रात्रीचं जेवण मुख्य. मेसचा दुपारचा डबा तसाच परत येतोय का, बघा. माझ्या भाच्याला आईने रात्री साडेनऊला दुसऱ्यांदा पोळी-भाजी वाढायला सुरुवात केली आणि त्याचं वजन सावरलं. गोळी उशिरा घेतली तर झोप लांबते. परिणाम उतरताना संध्याकाळी काहींची चिडचिड होते. घरात त्या तासात भांडणाचे विषय काढू नका. चहा-कॉफी, एनर्जी ड्रिंक कमी करा, धडधड वाढते. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, रक्तदाब वाढवतात. सावकाश सुटणारी गोळी चावू किंवा फोडू नका.

ॲटोमॉक्सेटिन जेवणासोबत घेतलं तर मळमळ कमी होते. कॅप्सूल उघडायची नाही, आतली पूड डोळ्यात गेली तर झोंबते.

थांबून लगेच डॉक्टरांना गाठायची लक्षणं: छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, नसलेलं ऐकू किंवा दिसू लागणं, अचानक कमालीची अस्वस्थता. ॲटोमॉक्सेटिनवर असताना डोळे पिवळे होणं किंवा लघवी गडद होणं. आणि विशेषतः ॲटोमॉक्सेटिनच्या सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा डोस बदलल्यावर, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार. किशोरवयात हा धोका नोंदलेला आहे, म्हणून घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका असेल तर फोनवर थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.

गोळीने यादी करता येत नाही, फक्त केलेली यादी पाळणं सोपं होतं. वेळेचं नियोजन, कामाचे तुकडे पाडणं यासाठी सायकॉलॉजिस्टबरोबर काही महिने बसणं फायद्याचं, निदान पहिल्या सेमिस्टरपुरतं तरी. वाढत्या वयातल्या मुलांची उंची-वजन दर सहा महिन्यांनी मोजा. नाडी आणि रक्तदाब प्रत्येक भेटीला.

आणि गाडी. लक्ष उडणाऱ्या मुलाने सिंहगड रोडवर दुचाकी चालवणं हा वेगळा विषय आहे. हेल्मेटवर तडजोड नको आणि फोन डिकीत.

९. कॉलेज, परीक्षा, खेळ, विमा

परीक्षेत जादा वेळ मिळेल का, हा प्रश्न हमखास येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता त्यांत आहेत, एडीएचडीचं नाव नाही. म्हणजे फक्त एडीएचडीच्या अहवालावर दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल असं धरू नका. सोबत अध्ययन अक्षमता असेल तर सरकारी रुग्णालयाच्या प्रमाणपत्राचा मार्ग आहे, आणि सवलत तासाला २० मिनिटांच्या हिशेबाने असते. या कामाला महिने लागतात. बोर्डाच्या वर्षाच्या दिवाळीत धावपळ करण्यापेक्षा नववीतच सुरू करा. कॉलेजच्या अंतर्गत परीक्षांत, सबमिशनच्या तारखांत विभागप्रमुख ऐकून घेतात, अर्ज लेखी द्या.

बालेवाडीला सराव करणाऱ्या खेळाडूंनी गोळी सुरू करण्याआधी प्रशिक्षकांशी बोला. मिथाइलफेनिडेट स्पर्धेच्या काळात उत्तेजक द्रव्यांच्या बंदी यादीत आहे आणि त्यासाठी नाडाकडून, म्हणजे खेळांतल्या उत्तेजकांवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडून, वैद्यकीय सूट घ्यावी लागते.

विमा: २०१७ च्या कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांइतकंच विमासंरक्षण द्यायला सांगितलं आहे, पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच्या खर्चाच्या असतात. भेटीची फी आणि गोळ्या खिशातून जातात हे धरूनच चाला. नवी पॉलिसी घेताना निदान लपवू नका, दावा त्यावर नाकारला जाऊ शकतो.

परदेशी शिकायला जाणार असाल तर त्या देशाचे नियम दूतावासाच्या संकेतस्थळावर आधी वाचा. जपान, आखाती देश याबाबत कडक आहेत. मूळ स्ट्रिप, चिठ्ठी आणि अहवाल हातातल्या बॅगेत ठेवा, गोळ्या डबीत ओतून नेऊ नका. तिथल्या डॉक्टरांची वेळ मिळायला कित्येकदा महिने लागतात, म्हणून प्रवेश पक्का झाल्या झाल्या तिकडच्या विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राला मेल टाका आणि पाचव्या टप्प्यातला अहवाल सोबत जोडा.